छावणीतलं ‘काउन्सिलिंग’: मानसिक प्रथमोपचार आणि समुपदेशन यात फरक काय

पूर आला किंवा दरड कोसळली की दोन दिवसांत कोणीतरी फोटो टाकतंच, "आज छावणीत काउन्सिलिंग केलं". तळमळ खरी असते, पण ते समुपदेशन नसतं, आणि इतक्या लवकर ते करूही नये, तेव्हा लागतो तो मानसिक प्रथमोपचार.

२०१९ च्या ऑगस्टमधे मी शिरोळ तालुक्यात एका शाळेतल्या छावणीत मदतीला होते. एक आजोबा ताटाला हात लावत नव्हते आणि आमच्यातली एक मुलगी त्यांना सारखं विचारत होती की पाणी आलं तेव्हा नेमकं काय झालं, काय वाटलं, बोला म्हणजे मोकळं वाटेल, आणि आजोबा आणखीनच गप्प. शेवटी त्यांच्या गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं त्यांची म्हस कुठं हाय ते बघ आधी." म्हैस जनावरांच्या छावणीत सापडली, एका पोराने मोबाईलवर फोटो काढून आणला, आजोबांनी तो दोन-तीनदा बघितला आणि मग चहा मागितला.

प्रथमोपचार तो काकूंनी केला, आम्ही नाही! जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची याच विषयावरची पुस्तिका आहे, तिचं सूत्र तीन शब्दांचं: बघा, ऐका, जोडून द्या. आधी सुरक्षितता आणि तातडीची गरज बघायची, माणूस बोलला तर ऐकायचं, आणि घरचे, औषध, पंचनाम्याची माहिती, जे हवं तिथपर्यंत पोचवायचं. थोडं शिकून हे कोणालाही जमतं. घटना खोदून खोदून सांगायला मात्र लावायची नाही, त्याने फायदा होत नाही, कधीकधी त्रास वाढतो.

समुपदेशन हे शिकलेल्या माणसाचं काम. त्याला आडोसा लागतो, वेळ लागतो, पुन्हा पुन्हा भेटावं लागतं, शंभर माणसं झोपलेल्या हॉलमधे ते होत नाही. सुरुवातीला झोप न येणं, रडू येणं, पावसाच्या आवाजाने धडकी भरणं हे बहुतेकांना होतं आणि आपली माणसं जवळ असली की बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटला तरी तेच चित्र डोळ्यापुढे येतंय, कामावर जाववत नाही, दारू वाढलीय, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवाच. आणि कोणी जीव द्यायची भाषा केली तर महिना वगैरे मोजायचा नाही, त्याला एकटं सोडायचं नाही आणि लगेच मदत बोलवायची. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो.

हे ‘आपली माणसं जवळ’ असणं पुनर्वसनात कसं हातातून सुटतं ते किल्लारीच्या भूकंपानंतर दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गावं पडली, नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, घरं भूकंपात टिकतील अशी बांधली, ते महत्त्वाचंच होतं. पण घराचा आकार ठरला कुटुंबाकडे शेतजमीन किती त्यावरून, २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फूट, आणि बऱ्याच ठिकाणी आखणी शहरातल्या कॉलनीसारखी सरळ रस्त्यांची, त्यामुळे जुनी गल्ली, भावकी, ओट्यावरच्या गप्पा तुटल्या. माझ्या मते हे नुकसान कुठल्याही समुपदेशकाला एकट्याने भरून काढता येत नाही. म्हणून छावणीत वर्गखोल्या वाटून देताना मी आता नाव लिहून घेतलं की लगेच विचारते, तुमच्या शेजारी कोण राहायचं?