डार्क सोया सॉस जास्त खारट असतो? अजिबात नाही

नूडल्स घरी करताना एक गोष्ट सगळीकडे ऐकू येते, की डार्क सोया सॉस स्ट्राँग आणि खारट, आणि लाइट म्हणजे कमी मिठाचा, तब्येतीला बरा. हे उलटं आहे! लाइट सॉस रंगाने फिका आणि पातळ, पण खारटपणा खरा त्याच्यातच, एका टेबलस्पूनमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे बीपी असलेल्यांनी "लाइट आहे ना" म्हणून सढळ हाताने ओतला तर उगाच त्रास. कमी मिठाचा हवा असेल तर बाटलीवर लो सोडियम किंवा रिड्यूस्ड सॉल्ट असं स्पष्ट लिहिलेलं बघा, तो वेगळाच प्रकार आहे.

डार्क सॉस जास्त दिवस मुरवतात आणि बहुतेक वेळा त्यात कॅरॅमल किंवा मोलॅसिस घालतात, म्हणून तो दाट, काळपट आणि किंचित गोडसर लागतो. त्याचं मुख्य काम रंग देणं. टेकअवेच्या नूडल्सचा तो तांबूस चकचकीत रंग यातूनच येतो, चव मात्र लाइटची.

दोन जणांच्या नूडल्सला एक टेबलस्पून लाइट आणि अर्धा टीस्पून डार्क पुरतो, मीठ नंतर चाखूनच घाला. रंग येत नाही म्हणून लाइटच वाढवत गेलात तर नूडल्स फिक्याच राहतात आणि खारट होतात ते वेगळंच.

आणि घटकांच्या यादीत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तर उत्तम, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन (आंबवण्याऐवजी आम्लाने झटपट तोडलेलं वनस्पतींचं प्रथिन) दिसलं तर मी तरी ती बाटली घेत नाही, कारण तो सॉस नीट आंबवलेला नसतो.