विद्यापीठाच्या अंतर्गत समितीकडे तक्रार : कोण करू शकतं, काय जोडायचं, मुदती कोणत्या

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी संस्थेतलीच समिती म्हणजे अंतर्गत समिती. तिच्याकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. त्रास वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरतात. उशीर का झाला हे पटलं, तर समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे तिच्या हातात काही उरत नाही. 'परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू' असं म्हणत थांबणाऱ्यांची तक्रार नेमकी इथे अडते.

हा धोका कागदापुरता नाही. कोलकात्यातल्या एका विधी विद्यापीठाच्या प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मुदतबाह्य ठरवली. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली आणि तक्रार डिसेंबर २०२३ मधली होती. मधल्या काळात त्यांना एका पदावरून दूर केलं गेलं होतं, पण ती प्रशासकीय कारवाई असल्याने तिथून मुदत नव्याने मोजता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे काहीतरी वाईट घडेल आणि मग सगळं एकत्र मांडू, असा विचार म्हणून महागात पडतो.

या प्रक्रियेला दोन आधार आहेत. एक म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा. दुसरा म्हणजे यूजीसीचे २०१५ चे विनियम, जे मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. कर्मचाऱ्यांना दोन्ही लागू होतात. विद्यार्थ्यांसाठी यूजीसीचे विनियम जास्त कामाचे, कारण त्यांची व्याप्ती मोठी आहे.

तक्रार कोण करू शकतं

नियमित, दूरस्थ किंवा अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, पीएचडी करणारी संशोधक, इतकंच काय, प्रवेशाची प्रक्रिया सुरू असलेली आणि अजून प्रवेश न झालेली मुलगीसुद्धा. कर्मचाऱ्यांमध्ये कायम, कंत्राटी, रोजंदारीवरच्या, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आणि ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई व सुरक्षा कर्मचारी या सगळ्या येतात. 'तुम्ही आमच्या पेरोलवर नाही' हे उत्तर चालत नाही. २०१३ चा कायदा फक्त महिलांसाठी आहे. यूजीसीचे विनियम मात्र पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही छळाचा धोका असतो हे मान्य करतात आणि अशा प्रकरणांतही ठाम कारवाईची जबाबदारी संस्थेवर टाकतात.

घटना आवारातच घडायला हवी असं नाही. कॉलेजची बस, एनएसएसचं शिबिर, शैक्षणिक सहल, इंटर्नशिपची जागा, क्रीडा स्पर्धा हे सगळं त्यात धरलं जातं. युवा महोत्सवासाठी दुसऱ्या महाविद्यालयात गेलेल्या मुलीला तिथे त्रास झाला, तर त्या प्रकरणापुरती ती त्याच संस्थेची विद्यार्थिनी मानली जाते. म्हणजे तक्रार तिथल्या समितीकडे द्यायची. आपल्या कॉलेजात अर्ज देऊन वाट बघण्यात दिवस वाया जातात.

समिती आधी तपासा

समिती नीट नसली की तिचा निकाल पुढे कोर्टात टिकणं अवघड. अध्यक्ष वरिष्ठ महिला अध्यापकच हव्यात : विद्यापीठात प्राध्यापक, महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाच्या. त्यांच्यासोबत दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरची एक सदस्य, म्हणजे या विषयात काम करणाऱ्या संस्थेतली किंवा विषयाची जाण असलेली व्यक्ती. प्रकरणात विद्यार्थी असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचे निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसायला हवेत. एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना सदस्य होता येत नाही.

बाहेरची सदस्य आणि विद्यार्थी प्रतिनिधी या जागा रिकाम्या तर नाहीत ना, ते आधी पाहा. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे फलकावरची यादी जुनी असेल तर सध्याची यादी कुलसचिव कार्यालयातून लेखी मागून घ्या. अनेक ठिकाणी फलकावर अजून 'विशाखा समिती' किंवा 'महिला तक्रार निवारण समिती' असं जुनं नाव असतं. त्यावर अडू नका, अर्ज 'अध्यक्ष, अंतर्गत समिती' यांच्या नावे करा.

अर्ज आणि सोबतचे कागद

ठरावीक नमुना बंधनकारक नाही. मराठीत, हाताने लिहिलेला अर्ज चालतो. स्टॅम्प पेपर, नोटरी, फी यातलं काही लागत नाही, विभागप्रमुखांची शिफारस तर नाहीच. लिहिणं शक्य नसेल तर लिहून घेण्यासाठी मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं किंवा सदस्याचं काम आहे.

२०१३ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. त्यासोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. ओळखपत्राची प्रत जोडलेली बरी. तक्रारदार आजारी असेल किंवा मानसिक धक्क्यामुळे स्वतः देऊ शकत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण, सहकारी किंवा मानसोपचारतज्ज्ञ तिच्या वतीने तक्रार देऊ शकतात. अन्य काही कारणाने ती स्वतः देऊ शकत नसेल तर तिची लेखी संमती जोडावी लागते.

अर्जाची खरी ताकद तपशिलात असते. 'सर नेहमी वाईट वागतात' या वाक्यावर चौकशी उभी राहत नाही. 'दि. १२ ऑगस्ट, दुपारी साडेतीनच्या सुमारास, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत, जर्नलवर सही घ्यायला गेले असता त्यांनी दार लोटलं आणि असं म्हणाले', यावर राहते. बोललेले शब्द संकोच न करता जसेच्या तसे लिहा. तारीख नक्की आठवत नसेल तर 'दुसऱ्या चाचणीच्या आठवड्यात' असं लिहा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. उलटतपासणीत पहिला घाव चुकलेल्या तारखेवरच पडतो.

व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि आधी-नंतरचे मेसेज दिसायला हवेत. मूळ चॅट पुसू नका, आपोआप मेसेज पुसले जाण्याची सोय सुरू असेल तर बंद करा.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या, आणि तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. विभागप्रमुखांच्या टेबलावर किंवा तक्रारपेटीत टाकलेला कागद समितीपर्यंत कधी पोहोचला हे नंतर सिद्ध करता येत नाही.

अंतरिम दिलासा मागितल्याशिवाय मिळत नाही

चौकशी संपेपर्यंतचं संरक्षण मागणारा हाच परिच्छेद बहुतेक अर्जांतून सुटतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच पीएचडीचा मार्गदर्शक असेल किंवा अंतर्गत गुण त्याच्याच हातात असतील, तर चौकशीच्या काळात मूल्यमापनाचं काम त्याच्याकडून काढून घ्यावं, असं अर्जातच लिहा. दोघांपैकी एकाची दुसऱ्या विभागात बदली, दूर राहण्याची ताकीद, गंभीर धोका असल्यास आवारात प्रवेशबंदी, हेही मागता येतं. तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ती हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते.

पुढे काय होतं

समितीने सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची आणि पुढच्या दहा दिवसांत अहवाल संस्थेला द्यायचा. समेट फक्त तक्रारदाराच्या मागणीवरून होऊ शकतो, आणि पैशाच्या बदल्यात कधीच नाही. 'आपसात मिटवून टाका' असं समितीने स्वतःहून सुचवणं नियमात बसत नाही. सुनावणीला वकील आणता येत नाही. समोरासमोर येणं टाळायचं असेल तर उलटतपासणीचे प्रश्न लेखी, समितीमार्फत विचारण्याची पद्धत आहे, तशी मागणी करा. तक्रारदाराने किंवा समोरच्याने सबळ कारणाशिवाय सलग तीन सुनावण्या चुकवल्या तर समिती पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन चौकशी संपवू किंवा एकतर्फी निर्णय घेऊ शकते.

चौकशी रखडणं वाईट, पण घाईही तितकीच वाईट. गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या प्रकरणात समितीने सुनावण्या घाईने उरकल्या, समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अध्यापकाची बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितलं. चौदा वर्षांनी विद्यार्थिनींचं प्रकरण पुन्हा समितीसमोर! म्हणून समोरच्याने वाजवी मुदत मागितली तर त्याला विरोध करताना विचार करावा.

आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरली, असं होत नाही. खोटेपणासाठी दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. नावं आणि मजकूर गोपनीय राहतात, माहिती अधिकारातही ते बाहेर येत नाहीत.

समिती आणि पोलीस हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. संस्थेने गुन्हा नोंदवायला मदत करायची असते. तक्रारदार अठराच्या आतली असेल (अकरावी-बारावीच्या मुली, प्रथम वर्षाच्याही काही) तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, आणि या सगळ्या काळात झोप उडाली, अभ्यास सुटला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळायला हवी, न आल्यास लेखी मागा. शिफारशी मान्य नसतील तर यूजीसीच्या विनियमांनुसार शिफारशींच्या तारखेपासून तीस दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे संस्थेचा कारभार ज्याच्या हाती असतो त्याच्याकडे, अपील करता येतं. २०१३ च्या कायद्यात अपिलाला नव्वद दिवस आहेत, पण तीसच धरून चाला. अपील नसेल तर संस्थेने अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत शिफारशींवर कृती करायची असते, आणि करायची नसेल तर त्याची कारणं लेखी द्यायची असतात. ती कारणंही मागून घ्या, कारण कोर्टात जायची वेळ आली तर पहिला कागद तोच लागतो.