एअर रायफलच्या स्प्रिंगचा आवाज: कारण आणि इलाज

चाप ओढला, छर्रा सुटला, तरी गालाला टेकलेल्या दस्त्यात 'टण्ण्ण' घुमतच राहतं. नळी सांध्यात वाकवून भरायच्या ४.५ मि.मी. स्प्रिंग रायफलची ही नेहमीची तक्रार. "ग्रीस भरून द्या," असं बरेच ग्राहक सांगतात. ग्रीसने आवाज दबतो, पण दोष जात नाही. दोष असतो स्प्रिंग आणि तिच्या आतला गाईड (स्प्रिंगला सरळ धरणारा दांडा) यांच्यामधल्या फटीत. पिस्टन पुढे जाऊन थांबतो, स्प्रिंगची वेटोळी मात्र थरथरत गाईडवर आणि पिस्टनच्या आतल्या भिंतीवर आपटत राहतात.

आधी दस्त्याचे स्क्रू आवळून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागतं. मग आवाज ओळखा. लांबणारा 'टण्ण' म्हणजे स्प्रिंग. कोरडा 'खट्' आणि खांद्याला झटका म्हणजे पिस्टनचं सील (हवा अडवणारा भाग) किंवा नळीच्या तोंडाचं सील गळतंय, किंवा छर्रा फार हलका आहे. तिथे ग्रीसचा उपयोग नाही. नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून सुरक्षित ठिकाणी बार करा. पट्टी उडाली तर नळीचं सील बदला.

स्प्रिंग काढायची तर स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा, हवाच. सुटी करतानाही ती काही सेंटिमीटर दाबलेली असते. हाताने खोललीत तर मागची पिन निघताच तोंडावर येते. रायफल रिकामी आणि न ताणलेली (स्प्रिंग दाबून चापावर न चढवलेली) आहे ना, हे दोनदा बघा, चष्मा लावा.

बाहेर काढलेली स्प्रिंग काचेवर लोळवा. ती डगमगली तर वाकलेली आहे, बदलाच. सरळ असेल तर आतला व्यास व्हर्नियरने मोजा. आम्ही गाईड डेलरिनचा (एक कडक प्लास्टिक), लेथवर, त्या व्यासापेक्षा सुमारे ०.१ मि.मी. जाड काढतो. स्प्रिंग किंचित पिळूनच चढली पाहिजे आणि उलटी धरली तरी गळून पडता कामा नये. दाबली की स्प्रिंगचा व्यास थोडा वाढतो, म्हणून नुसता सैलसर बसणारा गाईड रायफल ताणल्यावर आणखी सैल पडतो. स्प्रिंगच्या टोकाखाली १ मि.मी.चा गुळगुळीत स्टील वॉशर टाकला की दाबताना स्प्रिंगला फिरायला वाव मिळतो. टोकाची धार बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या.

एवढं झाल्यावरच ग्रीस. स्प्रिंगवर चिकट, घट्ट ग्रीसचा इतका पातळ थर द्या की खालची तार दिसत राहील. पिस्टनच्या मागच्या कडेला हरभऱ्याच्या दाण्याएवढं मॉली (मॉलिब्डेनमयुक्त) ग्रीस पुरे. सीलच्या पुढे तेलाचा थेंबही नको. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तो पेटतो, धूर येतो, मोठा बार होतो आणि सील फाटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. जास्तीचं ग्रीस तेव्हा पातळ होऊन नेमकं तिकडेच सरकतं. त्यात शेतातली काळी धूळ मिसळली की सील घासतं, म्हणून रायफल कपड्याच्या खोळीत ठेवा.

आवाज घालवण्यासाठी जाड तारेची, जोरदार स्प्रिंग बसवू नका. झटका वाढतो, नेम बिघडतो, शिवाय ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली तर परवान्याचा प्रश्न येऊ शकतो. तसली स्प्रिंग आम्ही बसवून देत नाही.

रायफल दुरुस्तीला आणताना रिकामी, न ताणलेली आणि खोळीत आणा. नेहमी वापरता त्या छर्ऱ्यांची डबीही सोबत असू द्या.