गर्भाशय व अंडाशयाचे समकालिक कर्करोग

गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा कर्करोग एकाच वेळी आढळला, तर त्यांना समकालिक कर्करोग म्हणतात. अस्तराचा कर्करोग झालेल्या सुमारे ५ टक्के, तर अंडाशयाचा झालेल्या सुमारे १० टक्के स्त्रियांत ही जोडी दिसते. अस्तराच्या कर्करोगाच्या पंचेचाळिशीच्या आतील रुग्णांत मात्र ती बरीच जास्त आढळते. अशा रुग्णाची अंडाशये बारकाईने न तपासता उपचार ठरवणे धोक्याचे आहे.

पाळीत जास्त किंवा अवेळी रक्तस्राव हे मुख्य लक्षण. तरुण वयात त्याचे खापर सहज हार्मोन्सवर फुटते आणि बायोप्सी लांबते. लठ्ठपणा, पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार), एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा वंध्यत्व असेल तर एवढी वाट पाहू नये. निदानासाठी अस्तराची बायोप्सी, योनिमार्गे सोनोग्राफी आणि एमआरआय करतात. अंडाशयातील लहान गाठ तरीही निसटू शकते, त्यामुळे शेवटचा निर्वाळा शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजिस्ट देतो.

हे दोन स्वतंत्र रोग की एकाचाच प्रसार, हा वाद जुना आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत बहुतेक जोड्यांचे मूळ एकच निघाले. तरीही कमी तीव्रतेचा एंडोमेट्रिऑइड (अस्तराच्या ग्रंथींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा) प्रकार या दोन अवयवांपुरताच असेल, तर रुग्णांची वाटचाल पसरलेल्या कर्करोगासारखी नसते. ती पुष्कळच चांगली असते. त्यामुळे ‘तिसरा टप्पा’, म्हणजे गर्भाशयाबाहेर पसरलेला रोग, असा शिक्का घाईने मारला, तर नको ती केमोथेरपी वाट्याला येऊ शकते. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०२३ मध्ये अशा रुग्णांसाठी पहिल्याच टप्प्यात आयए-३ हा उपगट केला. त्यासाठी गाठ एकाच अंडाशयात व न फुटलेली हवी, आणि गर्भाशयाच्या स्नायूत रोग निम्म्याहून कमी खोल गेलेला हवा.

गर्भाशय, दोन्ही अंडाशये व बीजवाहिन्या काढणे आणि पोटात रोग कुठवर गेला हे तपासणे, हा मुख्य उपचार. रोग तीव्र किंवा पसरलेला असल्यास कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपीची औषधे देतात. मूल हवे असलेल्या स्त्रीला केवळ अस्तराच्या सौम्य कर्करोगात प्रोजेस्टेरॉन गटाची औषधे देऊन गर्भाशय राखता येते. अंडाशयही बाधित असेल तर तो मार्ग सहसा बंद होतो. म्हणून बीजांडे गोठवण्याविषयी बोलायचे ते शस्त्रक्रियेपूर्वीच. गाठीच्या नमुन्यावर लिंच सिंड्रोमची, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, चाचणीही करावी. तो निघाल्यास भावंडांनाही आतड्याच्या कर्करोगासाठी वेळेवर तपासता येते.