ठोकलेल्या पाइलची भारक्षमता: सूत्रापासून ताणलहरीपर्यंत

ठोकून बसवलेला पाइल, म्हणजे इमारतीचा भार जमिनीत खोलवर पोचवणारा खांब, किती भार पेलेल याचा अंदाज तो ठोकतानाच बांधता यावा, ही इंजिनिअरांची जुनी अपेक्षा आहे. अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर दलातील मेजर जॉन सँडर्स यांनी १८५१ मध्ये दिलेल्या सूत्रात घणाचे वजन आणि पडण्याची उंची यांच्या गुणाकाराला एका ठोक्यात पाइल किती खाली गेला त्या अंतराने भागायचे आणि उत्तराचा आठवा हिस्साच सुरक्षित भार मानायचा, असे होते. ‘इंजिनिअरिंग न्यूज’चे संपादक आर्थर वेलिंग्टन यांनी १८८८ च्या सुमारास वाया जाणाऱ्या ऊर्जेपोटी छेदात एक इंच मिळवला. हे सूत्र लाकडी पाइल आणि वरून सोडलेला घण यांच्यासाठी होते. तरी हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो, एवढ्याच गुणावर ते पुढे पोलादी आणि काँक्रीटच्या पाइललाही सर्रास लावले गेले.

त्यातला दोष दुहेरी होता. एक तर घण आणि पाइल हे दोन ताठ गोळे असल्यासारखी टक्कर गृहीत धरली होती. दुसरे म्हणजे, चिकणमातीत ठोकताना छिद्रांतील पाण्याचा दाब वाढून माती तात्पुरती दुबळी होते आणि दाब ओसरल्यावर, कधी काही दिवसांनी तर कधी काही आठवड्यांनी, पुन्हा घट्ट धरते. त्यामुळे ठोकतानाचे मोजमाप खऱ्या क्षमतेविषयी फारसे सांगत नाही.

म्हणून प्रत्यक्ष भारचाचणीलाच शेवटचा शब्द राहिला. काँक्रीटचे ठोकळे किंवा वाळूची पोती रचून त्यांच्याखालील जॅकने पाइल टप्प्याटप्प्याने दाबायचा आणि तो किती खचतो ते डायल गेजवर वाचायचे, ही पद्धत आपल्याकडे आयएस २९११ या भारतीय मानकाच्या चौथ्या भागाने १९७९ मध्ये नियमबद्ध केली. केवळ चाचणीसाठी बसवलेल्या पाइलवरच्या प्रारंभिक चाचणीत संकल्पित भाराच्या अडीचपट आणि इमारतीखाली राहणाऱ्या पाइलवर दीडपट भार देतात. चाचणी खात्रीची आहे, पण खर्च आणि वेळ यांमुळे मोजक्याच पाइलवर होते.

टक्करीऐवजी ठोक्याने पाइलमधून धावणारी ताणाची लाट, म्हणजे ताणलहर, पाहावी, हे ऑस्ट्रेलियातील आयझॅक्स यांनी १९३१ मध्येच दाखवले होते. मात्र ते आकडेमोडीत उतरवण्यासाठी संगणक लागला आणि १९६० मध्ये ई. ए. एल. स्मिथ यांचा या लहरीच्या गणितावरचा निबंध आला. त्यानंतर क्लीव्हलंड येथे गोबल आणि सहकाऱ्यांनी पाइलच्या डोक्याजवळ ताणमापक व त्वरणमापक बसवून, ठोक्याच्या त्या क्षणीच क्षमता काढण्याची रीत घडवली. तिच्यातील अवमंदन गुणांक, म्हणजे माती लहरीची ऊर्जा किती शोषते ते दाखवणारा आकडा, मातीनुसार बदलतो आणि तो गृहीतच धरावा लागतो, म्हणून मोठ्या कामांवर आजही काही पाइलवर स्थिर भारचाचणी करून त्याचा मेळ घालतात.