१३ की १९? सूत्राचं फंक्शन करताना चलांच्या क्रमाचा प्रश्न कुठून आला

य² + क्ष ही राशी घ्या आणि तिला (३, ४) या किमती द्या. क्ष = ३ आणि य = ४ धरलं तर उत्तर १९ येतं, उलट धरलं तर १३. राशीकडे कितीही वेळ पाहिलं तरी यातलं कोणतं खरं ते कळणार नाही, कारण कोणता चल पहिला हे तिच्यात लिहिलेलंच नसतं. हे उदाहरण जॉन मॅकार्थी यांचं आहे. लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा पाया मांडणाऱ्या त्यांच्या १९६० च्या शोधनिबंधात ते याच आकड्यांसह येतं. आज सिम्पाय किंवा मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये सूत्राचं फंक्शन (किमती क्रमाने दिल्या की उत्तर देणारी गोष्ट) करताना जो घोळ होतो, तो त्या परिच्छेदात आधीच सांगून ठेवलेला आहे.

त्याआधी गणितात बराच काळ राशी आणि फंक्शन यांत फारसा फरक केला जात नसे. गणितज्ञ ऑयलर यांनी १७४८ मध्ये फंक्शनची व्याख्याच 'चल आणि स्थिरांक यांपासून बनलेली राशी' अशा धर्तीवर केली. चल एकच असेल तर त्यात काही बिघडत नाही. दुसरा चल आला की प्रश्न उभा राहतो, पण कागदावर गणित करणारा माणूस संदर्भावरून तो सोडवतो. यंत्राजवळ तो संदर्भ नसतो.

तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. नुसती राशी म्हणजे 'फॉर्म'. तिच्यापुढे लॅम्डा हे ग्रीक अक्षर आणि चलांची यादी लिहिली की तिचं फंक्शन होतं. मला या चिन्हाचं मोल वाटतं ते एका उलटापालटीमुळे: राशीत नावांना अर्थ असतो, क्रमाला नसतो, फंक्शनमध्ये क्रमाला अर्थ असतो आणि आतली नावं सरसकट बदलली तरी फरक पडत नाही. म्हणजे राशीचं फंक्शन करताना जी माहिती लागते, ती राशीत नसतेच. ती बाहेरून, माणसाकडून यावी लागते.

बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे दोन वाटा पडल्या. मॅपलचं 'अनॲप्लाय' आणि मॅथेमॅटिकाचं 'फंक्शन' चलांची यादी तुमच्याकडून मागून घेतात. मॅटलॅबचं 'मॅटलॅबफंक्शन' मात्र यादी दिली नाही तर स्वतःच वर्णानुक्रम लावतं, आणि त्यातही इंग्रजी मोठी अक्षरं आधी, लहान नंतर. आदर्श वायूचं सूत्र घ्या. दाब म्हणजे एन (वायूचे मोल) गुणिले आर (वायू स्थिरांक) गुणिले टी (तापमान), भागिले व्ही (घनफळ). यातला एन लहान लिपीतला, बाकी तिन्ही मोठ्या. त्यामुळे क्रम लागतो आर, टी, व्ही, एन. तुम्ही मात्र सूत्र वाचतो त्या क्रमाने २, ८.३१४, ३००, ०.०५ दिलेत. यायला हवा होता ९९,७६८ पास्कल, म्हणजे जवळजवळ वातावरणाइतका दाब. हाती येतो ०.००२८. त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही. किमती चार, जागा चार, यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक. इथे आकडा इतका विचित्र आहे की डोळ्यांत भरतो. दोन चलांच्या किमती जवळजवळच्या असतील तर चूक कित्येक महिने तशीच राहू शकते.

सेज या अशाच सॉफ्टवेअरमध्येही राशीला थेट किमती देता येत आणि त्या वर्णानुक्रमाने बसत. पुढे त्यांनी नावाविना किमती देण्याची ही पद्धत कालबाह्य ठरवली. वापरली की 'नावानिशी किमती द्या' अशी सूचना येऊ लागली. सोय काढून घेणं लोकांना आवडत नाही, तरी हा निर्णय मला योग्यच वाटतो.

सिम्पाय हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं सॉफ्टवेअर. राशीचं फंक्शन करणाऱ्या त्याच्या 'लॅम्डिफाय'ला यादी पहिल्यापासून द्यावीच लागते. पण लांबलचक राशी असली की लोक ती हाताने लिहीत नाहीत. राशीतून सुटे चल काढून घेतात आणि तेच पुढे देतात. हे चल 'सेट'मध्ये, म्हणजे संचात मिळतात, आणि सेटला क्रम नसतो. त्यात २०१२ च्या पायथन ३.३ पासून सुरक्षेसाठी अक्षरमालांचे हॅश (सेटमधली जागा ज्यावरून ठरते ते आकडे) प्रत्येक वेळी नव्याने, यादृच्छिक ठरू लागले. परिणाम असा, की तोच प्रोग्रॅम सकाळी १९ आणि संध्याकाळी १३ देऊ शकतो. शेवटी सिम्पाय १.६.३ मध्ये लॅम्डिफायला थेट सेट देणं कालबाह्य ठरवलं गेलं. सेटची स्वतःहून यादी करून दिली, तर मात्र अजूनही कोणी अडवत नाही.

त्यावर बरेच जण ती यादी नावांप्रमाणे लावून घेतात. तेवढ्याने उत्तर रोज बदलायचं थांबतं, पण ते बरोबर असेलच असं नाही: क्ष१ पासून क्ष१२ पर्यंत चल असतील तर अक्षरक्रमात क्ष१० हा क्ष२ च्या आधी येतो. म्हणून यादी एकदाच, एकाच जागी स्वतः लिहावी आणि किमतीही त्याच यादीवरून भराव्यात. चलांची नावं साधी असतील तर लॅम्डिफायने केलेलं फंक्शन क्ष = ३, य = ४ असं नावानिशीही स्वीकारतं, आणि तेव्हा उत्तर १९ च येतं.