निघण्याआधीची उचल

दिवाळीच्या मागंपुढं पंचगंगेकाठच्या गावांत ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आलेल्या नवराबायकोच्या जोडीला इथं 'कोयता' म्हणतात, आणि कोयता गावातून हलण्याआधीच मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची, आगाऊ उचल घेऊन मोकळा झालेला असतो. पोरीचं लग्न, दवाखाना, गेल्या हंगामाची बाकी यांत ती रक्कम गेलेली असते. काम मात्र अजून सगळं व्हायचं असतं. तोडलेल्या टनांतून उचल वळती होते. फिटली नाही तर पुढच्या सालावर चढते. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आशियातून परदेशी मजुरीला गेलेल्या माणसांच्या चिंतेबद्दल लिहायला बसलो तेव्हा म्हणूनच मला हाच शब्द हाताशी सापडला. आखातात असो, मलेशियात असो की अमेरिकेत, ही माणसंही बहुतेक उचल घेऊनच निघालेली असतात. फक्त तिला तिथं उचल म्हणत नाहीत.

तिचं पहिलं मोठं नाव गिरमिट. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचा मजुरांच्या तोंडी झालेला हा अवतार. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी उठली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानी मजुरांची जहाजं लागली, आणि १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथं उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणून ओळखले जातात. मळ्यावर 'डबल कट' नावाचा नियम होता: एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची. तापानं चार दिवस अंथरूण धरलं तर आठ दिवसांचं गेलं. १८६७ च्या कायद्यानं तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास बाळगायला लावला. पास घरी विसरला तर भटक्या म्हणून पकडायचे. आजारपणाची भीती वेगळी आणि कागद हरवण्याची वेगळी, पण दोन्ही त्याच मळ्यात रुजल्या.

फिजीत हे टोकाला गेलं. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदुस्थानी तिथं नेले गेले. १९१५ मध्ये गांधींचे इंग्रज स्नेही सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन तिथं पाहणीला गेले, तेव्हा मजुरांमधल्या आत्महत्यांचं प्रमाण बघून ते हादरले. मळेवाल्यांचं स्पष्टीकरण सोपं होतं: हे लोकच मनानं हळवे, बायकांवरून भांडणारे. पण बायका इतक्या कमी नेल्या कुणी, बराकीत तीन-तीन पुरुषांना एका खोलीत कोंबलं कुणी, हे ते बोलत नव्हते. १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली. माणसाच्या मनावर खापर फोडायची सवय मात्र टिकली.

वैद्यकशास्त्रालाही ती सुटली नव्हती. १९३२ मध्ये ओडेगार्ड या नॉर्वेच्या मानसोपचारतज्ज्ञाला दिसलं की अमेरिकेतल्या मिनेसोटात स्थायिक झालेले नॉर्वेजियन मायदेशातल्यांपेक्षा जास्त प्रमाणात मनोरुग्णालयात दाखल होतात. मुळात अस्थिर असलेली माणसंच देश सोडतात, असा निष्कर्ष त्यानं काढला. हे गृहीतक पुढं फार वर्षं चाललं. गेलेल्या जागी माणसाचं काय होतं, पगार कोण अडवतो, खोलीत किती जण झोपतात, हे प्रश्न नंतर आले.

१९८० च्या सुमारास आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं चीनच्या हुनान प्रांतात 'मज्जातंतूंचा थकवा' असं निदान झालेले रुग्ण तपासले. ते डोकेदुखी, झोप नसणं, अशक्तपणा सांगत होते. तपासल्यावर बहुतेकांना नैराश्य होतं, अनेकांना चिंतेचा विकारही. खोदून विचारलं की नोकरीतला अन्याय, बदली, सांस्कृतिक क्रांतीतले हाल बाहेर येत. कोरियात दाबून ठेवलेल्या संतापाच्या आजाराला 'ह्वाब्योंग', म्हणजे आगीचा आजार, म्हणतात. आपल्याकडं ती आग पित्तावर निघते. "काय न्हाई, जरा पित्त वाढलंय" हे वाक्य शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभ्या असलेल्या माणसाकडून मी किती वेळा ऐकलं असेल. दोन महिन्यांचा पगार ठेकेदाराकडं अडकलाय हे दुसऱ्या चहाला कळतं.

चिंता मोजायला जगभर वापरली जाणारी जीएडी-७ ही प्रश्नावली २००६ मधली. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता येईना असं झालं का, काहीतरी भयंकर घडेल असं वाटलं का, असे सात प्रश्न. दहा किंवा जास्त गुण झाले की डॉक्टर सावध होतात. प्रश्नावली कामाची आहे, वाद नाही. पण सातांतला एकही प्रश्न कर्ज किती आहे आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, असं विचारत नाही.

आखाताचा दरवाजा उघडला १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनं. रत्नागिरीला ही वाट आपल्याआधी सरावाची झाली. कोल्हापुरातून गेले ते जास्त करून वेल्डर, फिटर, ड्रायव्हर. तिथली कफाला पद्धत कामगाराला एका मालकाशी बांधते: राहण्याचा परवाना म्हणजे इकामा त्याच्या हातात. सौदीत मालकानं 'पळाला' अशी तक्रार केली की 'हुरूब', म्हणजे फरारीचा शिक्का, लागायचा, आणि सकाळी कामावर असलेला माणूस संध्याकाळी बेकायदा ठरायचा. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकतीची अट काढली, सौदीनं २०२१ मध्ये थोडी ढील दिली. आपल्याकडं १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. गावात सांगितला जाणारा आकडा लाखात असतो, आणि पावती तीस हजारांचीच मिळते. म्हणजे पहिलं वर्ष-दीड वर्ष पगार व्याजालाच. अशा माणसाला मालकानं शिवी दिली तर तो उलट बोलेल?

राजारामपुरीतल्या इंजिनिअर पोराची उचल बँकेची असते, एवढाच फरक. अमेरिकेतल्या नोकरीचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. वर्षाला ६५,०००, शिवाय तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,०००. नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचं. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतीयांची रांग पिढीभराची. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा सुट्टीवर आलेली मुलं 'आपण नव्यात मोडतो का जुन्यात' हे विचारत रातोरात तिकिटं काढत होती. पगार मोठा म्हणून त्यांच्या घोराला कुणी घोर म्हणत नाही. घरचे तर नाहीच.

आणि आशियाई स्थलांतरित बघायला आपल्याला विमान लागत नाही. आमच्या गल्लीत रात्री काठी आपटत फिरणारा नेपाळी राखणदार आहे. नाव काहीही असो, गल्ली त्याला बहादूरच म्हणते. नेपाळीत परदेशी कमवायला जाणाऱ्याला 'लाहुरे' म्हणतात. रणजितसिंहाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जाणाऱ्यांवरून पडलेलं नाव. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळं बहादूरला इथं व्हिसा लागत नाही. १९९३ पासून आपल्या शंभराचे तिकडं एकशे साठ होतात. दर महिन्याला घरोघर फिरून तो जे गोळा करतो, त्यातलं बरंचसं गावाकडं जातं आणि गावाकडून सावकाराकडं, कारण थोरला पोरगा कतारला गेलाय आणि एजंटाचे पैसे शेकडा तीननं उचललेत.

परवा त्यानं हिशेब करायला फोन माझ्याकडं दिला. मूळ रक्कम, व्याज, पोरानं आतापर्यंत पाठवलेलं. अजून चौदा महिने, मी म्हणालो. तेवढ्यात पोराचाच फोन आला. स्पीकर चालू राहिला होता. नेपाळी मला मोडकंतोडकं कळतं. झोप लागत नाही, रात्री छातीत धडधडतं, असं काहीतरी तो सांगत होता. बहादूर ऐकत राहिला. मग त्यानं पोराला विचारलं, ओव्हरटाइम मिळतोय ना.